गोचिडीच्या मागावर गेलेला डॉक्टर

अमेरिकेच्या वायव्येला माँटाना राज्यात बिटररूट नावाची नदी आहे. काठाला सुपीक जमीन, पश्चिमेला बर्फाचे उंच डोंगर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकूडतोडे, गुराखी आणि सफरचंदाच्या बागा लावणारे शेतकरी इथे येऊन वस्ती करू लागले, आणि त्यांच्या लक्षात आले की दरवर्षी वसंतात, बर्फ वितळायला लागले की, या खोऱ्यात एक ताप येतो. आधी थंडी वाजते, मग डोके ठणकते, अंग मोडून येते. तीन-चार दिवसांनी मनगटांवर आणि घोट्यांवर लाल ठिपके उमटतात. ते तळहातांवर, तळपायांवर, सगळ्या अंगावर पसरतात आणि काळपट पडतात. लोक याला काळा गोवर म्हणत. खोऱ्यातल्या मोठ्या माणसाला हा ताप आला तर दहांतले सात-आठ जण दगावत. शेजारच्या आयडाहो राज्यातही असाच ताप होता, पण तिथे शंभरातले पाचेक जणच जात.

आणखी एक विचित्र गोष्ट होती. ताप यायचा तो नदीच्या पश्चिम काठावर. पूर्व काठावरची माणसे जवळजवळ सुरक्षित. त्यामुळे पश्चिमेच्या डोंगरांवरून वितळून येणाऱ्या बर्फाच्या पाण्यातच काही दोष असावा, असे तिथल्या लोकांच्या मनात पक्के बसले होते. गावातल्या डॉक्टरांपैकीही अनेकांना तसेच वाटे.

१९०६ च्या वसंतात शिकागोहून एक पस्तीस वर्षांचा डॉक्टर या खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या मिसूला गावी आला. त्याचे नाव हॉवर्ड टेलर रिकेट्स. आज जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या तोंडी हे नाव असते, पण माणसाचे म्हणून नव्हे, जिवाणूंच्या एका कुळाचे म्हणून.

रिकेट्सचा जन्म ९ फेब्रुवारी १८७१ चा, ओहायो राज्यातल्या फिंडले गावचा. नेब्रास्का विद्यापीठातून त्याने प्राणिशास्त्राची पदवी घेतली आणि शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वैद्यक शिकला. १८९३ च्या आर्थिक मंदीत घरची परिस्थिती ढासळली होती, त्यामुळे शिक्षण चालू असतानाच पोटासाठी कामही करावे लागले. १८९७ मध्ये तो डॉक्टर झाला. १९०० मध्ये मायरा टब्ज हिच्याशी लग्न झाले. दवाखाना थाटून स्थिरस्थावर होण्याचा सरळ रस्ता समोर होता. त्याने तो घेतला नाही. त्वचेच्या एका बुरशीजन्य रोगावर त्याने चांगले काम केले आणि १९०२ पासून शिकागो विद्यापीठात लुडविग हेक्टोएन या नामवंत विकृतिशास्त्रज्ञाच्या विभागात तो शिकवू लागला. रोगप्रतिकारशक्तीवर त्याने पाठ्यपुस्तकही लिहिले. म्हणजे माँटानात आला तेव्हा तो हौशी फिरस्ता नव्हता. जंतू, रक्त आणि प्रतिकारशक्ती या तिन्हींचे त्याला पक्के शिक्षण होते.

गोचिडीवर संशय घेणारा तो पहिला मात्र नव्हे. हे सांगणे गरजेचे आहे, कारण शास्त्रज्ञांच्या चरित्रांत नायकाच्या आधी सगळा अंधार दाखवायची खोड असते. १९०२ मध्ये विल्सन आणि चाउनिंग या दोन डॉक्टरांनी खोऱ्यात फिरून, रोग्यांची टिपणे करून, गोचीड हा रोग आणत असावी असे म्हटले होते. पण त्यांनी त्याच दमात रोग्यांच्या तांबड्या पेशींत एक परोपजीवी दिसल्याचाही दावा केला. दोन वर्षांनी सरकारी तज्ज्ञ चार्ल्स स्टाइल्स येऊन तपासून गेला. त्याला तो परोपजीवी काही सापडला नाही. दावा कोसळला आणि त्याच्याबरोबर गोचिडीची गोष्टही लोकांनी मोडीत काढली. एक चूक सापडली म्हणून शेजारची बरोबर गोष्टही फेकून देणे विज्ञानात अधूनमधून घडते.

रिकेट्सने परोपजीवीच्या वादात न शिरता साधा प्रश्न घेतला. हा रोग माणसातून प्राण्यात देता येतो का? त्याने रोग्यांचे रक्त गिनीपिगांना टोचले. गिनीपिगांना ताप आला. त्यांचे रक्त दुसऱ्या गिनीपिगांना टोचले, त्यांनाही आला. हे वाचायला साधे वाटते, पण इथेच कामाची खरी किल्ली होती. आता वसंत संपला, रोगी संपले, तरी रोग प्रयोगशाळेत जिवंत ठेवता येणार होता.

मग गोचीड. आजारी गिनीपिगाच्या कानाच्या मुळाशी त्याने एक गोचीड लावली. दोन दिवस तिला रक्त पिऊ दिले, काढून डबीत ठेवली आणि मग निरोगी गिनीपिगाच्या कानाशी लावली. काही दिवसांत तोही तापाने फणफणला. उन्हाळा संपायच्या आत हे त्याने दाखवून दिले. त्याच सुमारास वॉल्टर किंग या सरकारी डॉक्टरानेही स्वतंत्रपणे तेच सिद्ध केले. गिनीपिगाला चावल्याने झाला तर माणसालाही तसाच होत असणार, ही पुढची पायरी. आणि ज्या हंगामात गोचिडी गवतावर चढून बसतात, नेमक्या त्याच हंगामात ताप येतो, हे त्याला जुळत होते.

इथे थोडे थांबून गोचिडीची ओळख करून घेऊ. ती कीटक नव्हे. कोळी आणि विंचू यांच्या कुळातली, आठ पायांची. अंड्यातून बाहेर पडते तेव्हा मात्र सहाच पाय असतात आणि आकार खसखशीच्या दाण्याएवढा. बहुतेक जाती आयुष्यात तीनदा पोटभर रक्त पितात: पिलू असताना, मधल्या अवस्थेत आणि मोठी झाल्यावर. गवताच्या पात्याच्या टोकाशी पुढचे पाय पसरून ती वाट पाहत बसते. अंगावर आल्यावर लगेच चावते असे नाही, मऊ जागा शोधत फिरते. जांघ, काख, गुडघ्यामागची घडी, कानामागची जागा, केसांची मुळे, कमरेचा नाडा जिथे आवळतो तिथे. तिच्या लाळेत जागा बधिर करणारे द्रव्य असते, म्हणून चावलेले कळतच नाही. डास चावला की आपण हात मारतो. गोचीड तीन-चार दिवस निवांत पीत राहते.

आणि हा वेळच महत्त्वाचा आहे. बिटररूटच्या खोऱ्यात पुढे १९२० च्या दशकात स्पेन्सर आणि पार्कर यांना आढळले की हिवाळाभर उपाशी राहिलेल्या गोचिडीतले जंतू जवळजवळ निद्रिस्त असतात. तिला ऊब आणि ताजे रक्त मिळाले की काही तासांनी ते पुन्हा घातक होतात. म्हणून अंगावरची गोचीड लवकर सापडली आणि लवकर काढली तर बरेचसे संकट टळते. सगळ्या गोचिडजन्य रोगांना हे सारखेच लागू नाही, काही विषाणू फार लवकर अंगात शिरतात. पण लवकर काढण्याने तोटा कधीच नाही.

काढायची कशी? बारीक टोकाच्या चिमट्याने, तिच्या फुगलेल्या पोटाला न धरता, कातडीला अगदी चिकटून तोंडाजवळ पकडायचे आणि सरळ वर, सावकाश, एकसारखा जोर देत ओढायचे. पिळायचे नाही, झटका द्यायचा नाही. चिमटा नसेल तर बोटांवर कागद किंवा प्लास्टिक घेऊन. रॉकेल, चुना, व्हॅसलीन, पेटती काडी, उदबत्तीचा चटका हे आपल्याकडचे सगळे उपाय टाळावेत. त्यांनी गोचीड पटकन सुटत नाही, उलट चिडून लाळ आणि पोटातला द्रव जखमेत ओकण्याची भीती असते. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला आणि सहज निघाला नाही तर सुईने उकरत बसू नका, कातडी तो स्वतःच बाहेर टाकते. मग साबणाने हात आणि जागा धुवायची. नखावर चिरडायची सवय मात्र मोडली पाहिजे. गुरांच्या अंगावरच्या गोचिडी काढून बोटांनी फोडणे खेड्यात नेहमीचे. पण २०११ मध्ये गुजरातेत आढळलेला क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप अशा चिरडलेल्या गोचिडीच्या रक्तातूनही लागू शकतो.

पुन्हा रिकेट्सकडे. १९०७ मध्ये त्याने जे शोधले ते माझ्या मते त्याच्या सगळ्या कामातले सर्वांत देखणे. रोगट मादीने अंडी घातली, त्यांतून निघालेल्या पिलांनीही निरोगी गिनीपिगांना रोग दिला. म्हणजे रोग गोचिडीच्या पोटी आईकडून लेकीकडे जात होता. एक मादी काही हजार अंडी घालते, हे लक्षात घेतले म्हणजे याचा अर्थ कळतो. माणूस या साखळीत कुठेच नाही. गोचिडी आणि डोंगरातल्या खारी, घुशींसारखे छोटे प्राणी यांचे आपसात चाललेले असते, आणि माणूस चुकून मध्ये पाय टाकतो. गवतावरून गोळा केलेल्या गोचिडींतही रोग असल्याचे त्याने दाखवले.

पण मग पूर्व काठाचे काय? तिथेही गोचिडी होत्याच. हे कोडे रिकेट्सच्या हयातीत सुटले नाही. १९८१ मध्ये त्याच खोऱ्यातल्या हॅमिल्टनच्या प्रयोगशाळेत विली बर्गडॉर्फर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पूर्व काठाच्या गोचिडींच्या अंडाशयात रिकेट्सच्या जंतूचाच एक निरुपद्रवी भाऊबंद आधीच मुक्काम ठोकून असतो, आणि तो घातक जंतूला अंड्यांत शिरू देत नाही. दोष पाण्यात नव्हता, पण काठाकाठात फरक होता हे गावकऱ्यांचे निरीक्षण खरे होते.

रोगाचा जंतू कोणता, हे राहिलेच होते. १९०९ मध्ये रिकेट्सने रोग्यांच्या रक्तात, गोचिडींच्या शरीरात आणि अंड्यांत दोन्ही टोकांना गडद रंग घेणारे अगदी बारीक कण पाहिल्याचे जाहीर केले. पण ते कुठल्याही नेहमीच्या माध्यमावर वाढेनात. वाढवता आल्याशिवाय पुरावा पूर्ण नाही, हे तो जाणून होता, म्हणून आपल्या लेखाच्या शीर्षकातही त्याने संबंध असल्याचे दिसते एवढेच म्हटले. ते वाढत का नव्हते हे आज आपल्याला माहीत आहे. हे जिवाणू जिवंत पेशीच्या आतच वाढतात. माणसाच्या अंगात ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत घर करतात. त्या वाहिन्या झिरपू लागतात. अंगावरचे लाल ठिपके म्हणजे तेच झिरपणे, आणि जे कातडीत दिसते तेच मेंदूत, फुप्फुसांत, मूत्रपिंडांत चाललेले असते.

बरे झालेल्या गिनीपिगांना पुन्हा रोग होत नाही हे पाहून त्याने लस आणि प्रतिरक्त बनवण्याचाही प्रयत्न केला. तो पुरा व्हायला पैसा हवा होता. माँटानाचा सरकारी निधी वेळेवर हाती येईना. त्याच वेळी मेक्सिको सिटीत टॅबार्डियो नावाच्या तापाची साथ होती. ठिपके, डोकेदुखी, बेशुद्धी, बरेचसे माँटानाच्या तापासारखेच. डिसेंबर १९०९ मध्ये रिकेट्स तिकडे गेला. बरोबर रसेल वाइल्डर हा तरुण साहाय्यक.

काम भराभर झाले. टॅबार्डियो म्हणजे युरोपातला टायफस, तो माँटानाच्या तापाहून वेगळा, आणि तो गोचीड नव्हे तर अंगावरची ऊ पसरवते, असे दोघांनी दाखवले. (ऊ टायफस पसरवते हे ट्युनिसमध्ये शार्ल निकोलनेही १९०९ मध्ये दाखवले होते.) रोग्यांच्या रक्तात आणि उवांतही त्याला पुन्हा तसलेच बारीक कण दिसले. रोग्यांच्या कपड्यांतल्या उवा हाताळत, जेमतेम सोयींच्या प्रयोगशाळेत हे सारे चालले होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्याला प्राध्यापकपद देऊ केले होते आणि त्याने ते स्वीकारलेही होते. तिथे तो रुजू झालाच नाही. एप्रिलमध्ये त्याला ताप आला. ज्याचा अभ्यास चालला होता तोच. ३ मे १९१० रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, रिकेट्स मेक्सिको सिटीत वारला. मागे पत्नी आणि दोन मुले. मेक्सिको सरकारने त्याच्या मृत्यूचा शोक पाळला आणि जिथे त्याने काम केले त्या प्रयोगशाळेला त्याचे नाव दिले.

पाच वर्षांनी टायफसवरच काम करताना स्टानिस्लाउस फॉन प्रोवाझेक या शास्त्रज्ञालाही टायफसनेच गाठले. १९१६ मध्ये त्याचा ब्राझिलियन सहकारी रोशा लिमा याने टायफसचा जंतू निश्चित केला आणि त्याला नाव दिले रिकेट्सिया प्रोवाझेकी. दोन मेलेल्या माणसांची दोन नावे एका जंतूला. माँटानाच्या तापाचा जंतू पुढे रिकेट्सिया रिकेट्सी झाला, म्हणजे तिथे दोन्ही नावे त्याचीच. त्या खोऱ्यात काम करणारे आणखी काही डॉक्टर आणि प्रयोगशाळेतले मदतनीस याच तापाने गेले. १९२४ मध्ये स्पेन्सरने गोचिडी वाटून केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. खरे औषध मात्र १९४० च्या दशकाच्या अखेरीस हाती आले: क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविके. आज त्यांतले डॉक्सिसायक्लिन हे पहिल्या पसंतीचे, आणि ते स्वस्त आहे.

हे सारे माँटानाचे झाले, तरी रिकेट्सचे कुळ आपल्याकडेही आहे. रिकेट्सिया कोनोरी या जंतूने होणारा गोचिडजन्य टायफस महाराष्ट्रात, कोकणापासून पुण्यापर्यंत, विशेषतः मुलांत आढळतो. तो कुत्र्यांच्या अंगावरच्या तपकिरी गोचिडीतून येतो, त्यामुळे जंगलात न जाताही होऊ शकतो. चार-पाच दिवस न उतरणारा जोरदार ताप, डोकेदुखी, आणि तळहात-तळपायांवरही उमटलेले पुरळ असे त्याचे रूप. कधी चाव्याच्या जागी काळी खपली दिसते. डेंग्यू, गोवर, मेंदुज्वर अशा भलत्याच नावाखाली तो लपतो. पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन गटातल्या नेहमीच्या प्रतिजैविकांना तो दाद देत नाही, आणि उशीर झाला तर बोटे काळी पडण्यापर्यंत मजल जाते.

दुसरा रोग रिकेट्सच्या कुळातला नाही, विषाणूचा आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासची माणसे तापाने फणफणली. आधी पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, नवा विषाणू शोधला. तो जंगलातल्या गोचिडीतून येतो. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात, सावंतवाडी-दोडामार्ग भागात, त्याने माणसे मारली. लोक त्याला माकडताप म्हणतात. काजू वेचायचा आणि पाचोळा गोळा करायचा हंगाम, डिसेंबर ते मे, तोच याचाही. याला डॉक्सिसायक्लिन लागू पडत नाही. रुग्णाला वेळेत दाखल करून पाणी, रक्तदाब आणि रक्तस्राव सांभाळणे हाच इलाज.

तेव्हा घाबरायचे कधी? गोचीड चावली म्हणून नाही. बहुतेक चावे निरुपद्रवी असतात. एक-दोन दिवसांत जागा थोडी लाल होणे, खाज येणे ही कातडीची नेहमीची प्रतिक्रिया. चावल्यावर लगेच प्रतिजैविक गिळायचीही गरज नाही. काढलेली गोचीड चिकटपट्टीत किंवा छोट्या बाटलीत ठेवून वर तारीख लिहा आणि पुढचे तीन-चार आठवडे लक्ष ठेवा. या काळात ताप आला, विशेषतः डोकेदुखी आणि अंगदुखीसह, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि गोचीड चावली होती, कुत्र्याच्या अंगावर गोचिडी आहेत किंवा जंगलात गेलो होतो हे आपण होऊन सांगा. विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही, आणि डॉक्टरही दरवेळी विचारत नाहीत.

पुरळ येण्याची वाट पाहू नका. ते तापानंतर काही दिवसांनी येते, काहींना येतच नाही, आणि सावळ्या कातडीवर सुरुवातीचे फिकट ठिपके नजरेत भरत नाहीत. तळहात, तळपाय पाहावेत. रक्ताच्या तपासणीवरही पहिल्या आठवड्यात विसंबता येत नाही, कारण ज्या प्रतिपिंडांवर ती चालते त्यांना तयार व्हायला वेळ लागतो. गोचिडजन्य टायफसची शंका असेल तर अनुभवी डॉक्टर अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करतात, लहान मुलांनाही. या औषधाने मुलांचे दात पिवळे पडतात ही जुनी भीती थोड्या दिवसांच्या उपचारापुरती निराधार ठरली आहे. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, वारंवार उलट्या, गुंगी, असंबद्ध बडबड, धाप किंवा लघवी कमी होणे यांतले काहीही दिसले तर थेट मोठे रुग्णालय. माकडतापात ताप उतरून आठवडा-दोन आठवडे बरे वाटते आणि काहींना तो पुन्हा उलटतो, तेव्हा मान आखडणे, झटके, भ्रम होऊ शकतो. म्हणून बरे वाटल्यावरही पुढची तपासणी चुकवू नये.

जंगलाकडे जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडरोधक तेल उघड्या अंगाला लावावे, परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून आंघोळ करताना सगळे अंग तपासावे. मुलांचे केस आणि कानांमागची जागा मोठ्यांनी पाहावी. कुत्र्याला पशुवैद्याकडून गोचिडींचे औषध नियमित द्यावे. आणि रानात मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता, जवळ न जाता, वन खात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवावे. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात, आणि तिथे आरोग्य कर्मचाऱ्यांना औषध फवारावे लागते.